आळ येतो, जातो कसा?

१. मथळ्यातील कोडे

एखाद्या गाजलेल्या फौजदारी खटल्याचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’ असा मथळा येतो, आणि सकाळचा चहा घेता घेता तो वाचणारा साधा सुशिक्षित गृहस्थ हातातला अंक खाली ठेवून शेजारच्याला हटकून विचारतो, ‘म्हणजे त्याने केले होते, की नव्हते?’ प्रश्न कोणालाही सुचावा इतका सरळ आहे. तरी मथळ्यातील चार शब्द कितीही वेळा वाचले तरी त्याचे उत्तर त्यांतून निघत नाही, कारण ‘पुराव्याअभावी’ हा शब्द वाचकाच्या मनात संशय जागा ठेवतो आणि लगेच पुढे येणारा ‘निर्दोष’ हा शब्द तो संशय निमूटपणे सोडून द्यावयास सांगतो. एका ओळीत दोन निकाल बसवलेले असतात, आणि वाचक आपल्या स्वभावानुसार त्यांतला हवा तो उचलतो.

दोष देण्याची भाषा आणि दोष उतरवण्याची भाषा या दोन निराळ्या भाषा आहेत. पहिली आपण घरात, ओट्यावर, नळावर शिकतो. दुसरीतले शब्द मात्र देवळातून, सावकाराच्या वहीतून, सराफाच्या पेढीवरून आणि कचेरीतून उसने आणलेले आहेत, आणि ज्याने त्याने आपापल्या जागचा थोडा वास बरोबर आणला आहे. तो ओळखता आला तर वरच्या मथळ्याचे कोडे बरेचसे सुटते. सुरुवात घरापासूनच करू.

२. एक चांदीची वाटी

माझ्या लहानपणी आमच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एक चांदीची वाटी काढीत. तळाशी आजीच्या माहेरचे नाव टोचून काढलेले होते, आणि भिजवलेले हरभरे त्याच वाटीने मोजून ओटीत घालावयाचे असा आजीचा नेम होता. एका वर्षी हळदीकुंकू आटोपल्यावर ती वाटी दिसेना. फडताळ, कोनाडे, देवघर सगळे पालथे घातल्यावर आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एवढेच म्हणाली, “ती पोर होती ना गं मोरीत, भांडी विसळायला?” ती पोर म्हणजे आमच्याकडे पाणी भरणाऱ्या बाईची दहा वर्षांची मुलगी. आजीने आरोप केला नाही. नुसता प्रश्न विचारला, आणि त्याला कोणी उत्तर दिले नाही. त्या दिवसापासून ती मुलगी आईबरोबर येई, पण ओट्यावरच बसे.

अक्षय्यतृतीयेला खिरीसाठी गव्हल्यांचा डबा उघडला तर वाटी आत! कोणीतरी माप म्हणून घातली होती आणि तशीच राहिली होती. बाई हंडा घेऊन आत आली तेव्हा आजी म्हणाली, “सापडली हो वाटी.” बाई म्हणाली, “बरं झालं, आजी.” संपले. त्या दिवशी मुलीला खीर मिळाली. पण पितळेच्या वाटीत.

‘सापडली’ हा शब्द मला तेव्हापासून खुपत आलेला आहे. या क्रियापदाला कर्ता आहे तो वाटी. माणूस त्यात कोठेच नाही. मराठीत अशी क्रियापदांची जोडपीच्या जोडपी आहेत: फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे. शेजारच्या मुलाच्या हातून आपली काच गेली की त्याने ती ‘फोडली’, आणि आपल्या मुलाच्या हातून शेजारच्याची गेली की ती ‘फुटली’, हा व्याकरणाचा उपयोग शाळेत कोणी शिकवत नाही आणि तरी सर्वांना येतो. दोष दुसऱ्यावर असेल तेव्हा आपण कर्ता शोधून काढतो. स्वतःवर यायची वेळ आली की वस्तूच आपोआप फुटू, सांडू आणि हरवू लागतात. ‘मी चूक केली’ असे म्हणणारा मनुष्य विरळा, ‘चूक झाली’ म्हणणारे पुष्कळ.

याच जातीचे एक जोडपे न्यायालयाच्या दारात उभे आहे: सोडणे आणि सुटणे. ‘न्यायालयाने त्याला सोडले’ या वाक्यात निदान सोडणारा तरी दिसतो. ‘तो सुटला’ यात तोही दिसत नाही. मांजराच्या तोंडून उंदीर सुटतो, तीन दिवसांच्या धरण्यानंतर ताप सुटतो, फलाटावरून गाडी सुटते. त्यांतल्या कोणाच्याही निर्दोषतेविषयी ते क्रियापद काही बोलत नाही. म्हणूनच कट्ट्यावर बसून कोणी ‘सुटला लेकाचा’ म्हणतो तेव्हा न्यायाधीशाने शंभर पानी निकालपत्रात काय लिहिले याला काडीची किंमत राहत नाही.

आता आजीला ‘सापडली’ खेरीज आणखी काय म्हणता आले असते ते पाहू, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाचे बीज तेथे आहे. ‘मुलीने वाटी घेतलीच नव्हती’ हे एक वाक्य. वाटी सापडण्यापूर्वी म्हणता आले असते असे दुसरे: ‘मुलीने वाटी घेतली असे काही दिसत नाही.’ आणि तिसरे, जे घराघरांत सर्वांत सहज ओठावर येते: ‘जाऊ द्या, पोर आहे.’ पहिल्याने दोष नाहीसा होतो. दुसऱ्याने आरोप गळून पडतो, दोषाविषयी बोलणे उरतेच. तिसऱ्याने नाहीशी होते ती फक्त शिक्षा, आणि दोष तर उलट पक्का होतो, कारण न केलेल्या चोरीची क्षमा कोण करतो? ही तीन वाक्ये वाचकाने ध्यानात ठेवावीत.

३. चंद्र, डाग आणि बट्टा

दोष देणाऱ्या शब्दांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ते वाचकाला माझ्याइतकेच येतात. आळ येतो, किटाळ येते, बालंट येते, बोल लागतो, ठपका बसतो, कुभांड रचले जाते. फारसीच्या मार्गाने आलेली तोहमतही आहे. त्यांची क्रियापदे पाहा: बहुतेक शब्द ‘येतात’, पावसासारखे किंवा पाहुण्यासारखे, आणि ते कोणी पाठवले ते विचारण्याची चाल नाही.

गणेशचतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो, ही समजूत सर्वांस ठाऊक आहे. तिच्या मुळाशी असलेल्या स्यमंतक मण्याच्या कथेत प्रत्यक्ष श्रीकृष्णावर आळ येतो. सत्राजिताचा भाऊ प्रसेन मण्यासह नाहीसा होतो आणि द्वारकेत कुजबुज सुरू होते. कृष्ण काय करतो? नुसता नाकारून बसत नाही. माग काढीत अरण्यात जातो, प्रसेनाला सिंहाने आणि सिंहाला जांबवंताने मारल्याचे शोधून काढतो, मणी मिळवतो, आणि परत आल्यावर तो सत्राजिताच्या हाती देतो तो भर सभेत. आळ चारचौघांत आला होता, तेव्हा तो चारचौघांतच उतरला पाहिजे ही जाण त्या कथाकाराला होती; आमच्या आजीला ती नव्हती असे म्हणवत नाही, पण वाटी सापडल्याचे तिने सांगितले ते एकट्या बाईला. ‘कलंक’ आणि ‘लांछन’ हे दोन्ही शब्द चंद्रावरच्या डागासाठीच रूढ झालेले, तेव्हा आळाचा संबंध आपल्या पूर्वजांनी चंद्राशी का जोडला असेल याचा तर्क वाचकानेच करावा.

डाग धुण्याचे शब्द अर्थातच धुण्याचे आहेत: कलंक धुऊन निघतो, मनुष्य ‘धुतल्या तांदळासारखा’ ठरतो. हा शेवटचा वाक्प्रचार अस्सल मराठी स्वयंपाकघरातला, पण हल्ली तो सरळ अर्थाने क्वचितच ऐकू येतो. ‘तो काही धुतल्या तांदळासारखा नाही’ असे नकारार्थीच येते. तांदूळ पुष्कळ वेळा धुतले तरी पाणी थोडे पांढरे येतच राहते, हे सुगरणींना माहीत असते. ‘बट्टा’ हा शब्द मात्र मोरीतला नसून सराफकट्ट्यावरचा आहे. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत त्या काळी कमी कसाच्या नाण्यावर सराफ जी कसर कापून घेई ती ‘बट्टा’. नावाला बट्टा लागणे म्हणजे नाव बाजारात पुऱ्या किमतीला न चालणे. ‘खरा’, ‘खोटा’, ‘कसोटीला उतरणे’ हे शब्दही त्याच पेढीवरचे.

४. दिव्य

‘आज नळाला पाणी भरणे म्हणजे एक दिव्यच होते,’ असे म्हणणाऱ्या गृहिणीला आपण केवढा भयंकर शब्द उच्चारतो आहोत याची कल्पना नसते. दिव्य हा एके काळी निर्दोष ठरण्याचा शेवटचा कायदेशीर मार्ग होता.

याज्ञवल्क्यस्मृतीने प्रमाणांचा क्रम लावला आहे: लेख, वहिवाट आणि साक्षीदार ही माणसांची प्रमाणे, आणि यांपैकी एकही हाती नसेल तर दिव्य, म्हणजे देवाची साक्ष. त्या स्मृतीत दिव्ये पाच सांगितली आहेत: तुला, अग्नी, जल, विष आणि कोश. तुलेत आरोपीला दोन वेळा तोलीत, आणि दुसऱ्या वेळी तो वर गेला तर शुद्ध. कोशदिव्यात देवतेच्या स्नानाचे पाणी त्याला प्यावयास देत आणि मग वाट पाहत. चौदा दिवसांच्या आत त्याच्यावर काही घोर संकट कोसळले नाही तर शुद्ध. येथे शब्द कोणता आहे तो पाहावा. ‘निर्दोष’ नव्हे, ‘मुक्त’ नव्हे, ‘शुद्ध’. आरोप हा अंगाला लागलेला मळ आहे आणि दिव्य हे त्याचे शोधन आहे, अशी ही दृष्टी.

मराठी राज्यात वतनाच्या तंट्यांत ‘रवा दिव्य’ चाले. पंचांसमोर भांड्यात तेल-तूप कढत करावयाचे, त्यात धातूचा लहानसा तुकडा, म्हणजे रवा, टाकावयाचा, आणि दिव्य करणाराने तो हाताने बाहेर काढावयाचा. आधी हात धुऊन, नखे काढून, हातावर पूर्वीचे काही व्रण आहेत काय ते पाहून नोंद होई. आपला दावा काय आहे ते लिहिलेले ‘भाळपत्र’ कपाळी बांधीत. रवा काढल्यावर हात पिशवीत घालून वर मोहोर करीत, आणि तिसऱ्या दिवशी सभेसमोर मोहोर फोडून हात पाहत. हात चांगला निघाला तर मनुष्य ‘खरा झाला’, फोड आले तर ‘खोटा झाला’. सराफाचे शब्द तेथेही आलेच.

यात मला विचारात घेण्याजोगी वाटते ती कढई नव्हे, तर तिच्याभोवतीचे दप्तर. निवाडा झाला की जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे, आणि हरणाऱ्याला स्वतःच्या हाताने ‘येजितखत’ लिहून द्यावे लागे: आपण हरलो, पुढे या गोष्टीविषयी बोलणार नाही, असा तो कबुलीचा कागद. सरकारात हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’ भरावयाची, आणि जिंकणाऱ्यानेही सुटावयाचे नाही. त्याने ‘हरकी’ भरावयाची. निर्दोष ठरण्याचाही खर्च येतो, हे आजच्या पक्षकाराला वेगळे सांगावयास नको. पण येजितखताची गोष्ट खरोखर वाखाणण्यासारखी होती. ज्याने आळ घेतला त्यानेच तो लेखी परत घ्यावयाचा, ही सोय आपल्या आजच्या कायद्यात इतक्या सरळ रूपात नाही, आणि आमच्या वाटीच्या प्रकरणात तर मुळीच नव्हती.

‘शुद्ध’ या शब्दाची पुढची कहाणी थोडी गमतीची आहे. ज्ञानेश्वरादी भावंडांनी पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र मिळवले असे परंपरा सांगते. संन्याशाची मुले म्हणून जन्मतःच त्यांच्यावर दोष ठेवला गेला होता. वस्तुतः अपराध म्हणावा असे त्या मुलांनी काहीच केलेले नव्हते, तरी पत्र मागावयास जावे लागले त्यांनाच. आज ‘शुद्धिपत्र’ म्हणजे पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला मुद्रणदोषांचा चिटोरा. या पुस्तकालाही तो लागेल असे मला भय आहे.

५. वहीतले शब्द

दोष आणि कर्ज यांना आपली भाषा एकाच पारड्यात घालते. दोन्ही डोक्यावर असतात, दोन्ही उतरतात, दोन्हींपासून मुक्ती मिळते. म्हणून दोषमुक्तीचे काही शब्द सावकारी वहीतून यावेत यात नवल नाही.

‘बेबाक’ म्हणजे बाकी न उरलेला. सहकारी सोसायटीचे कर्ज फेडल्यावर सचिवाकडून ‘बेबाकी दाखला’ आणणारा शेतकरी हा फारसी शब्द रोजच्या व्यवहारात वागवत असतो. ‘फारखती’ हा त्याचाच भाऊ: घेणे उरले नाही, आता तू मोकळा, असा लेख. पुढे हा शब्द ‘फारकत’ होऊन नवराबायकोंच्या विभक्त होण्याला लागला. आणि ‘राजीनामा’? राजी म्हणजे संतुष्ट, नामा म्हणजे लेख. आपले समाधान झाले, आता आपली तक्रार नाही, असे पक्षकाराने लिहून द्यावयाचे तो राजीनामा. आज तो आरोप झालेल्या मंत्र्याकडे मागतात, आणि तो देणारा बहुधा कोणत्याही अर्थाने राजी नसतो. समाधानाचा कागद फिरत फिरत जवळजवळ कबुलीचा कागद होऊन बसला.

‘अन्याय’ या शब्दानेही अशीच कूस बदलली आहे. जुन्या मराठीत ‘माझा अन्याय काय?’ म्हणजे माझा अपराध काय. तेव्हा अन्याय अपराध्याच्या पदरी असे. आज तो सोसणाऱ्याच्या पदरी पडला आहे. जुनी पत्रे वाचताना हे माहीत नसेल तर फिर्यादी कोण आणि आरोपी कोण याचीच उलटापालट होते.

माफी, अभयपत्र, कौल हे शब्द तिसऱ्या वाक्याचे: ‘जाऊ द्या, पोर आहे.’ फितूर झालेल्याला परत येण्यासाठी अभयपत्र देत, म्हणजे भय नाहीसे करीत. त्याची फितुरी झालीच नव्हती असे त्यात कोणी म्हणत नसे. आजच्या न्यायालयातला ‘माफीचा साक्षीदार’ तर याचे नमुनेदार उदाहरण आहे. त्याने आपला वाटा सांगितला तरच त्याला माफी. निर्दोष मनुष्य माफीचा साक्षीदार होऊच शकत नाही.

६. कचेरीतल्या पायऱ्या

आता मथळ्याकडे परत येण्याइतकी सामग्री जमली आहे. फौजदारी प्रकरण पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत जाते तेव्हा निरनिराळ्या पायऱ्यांवर मनुष्य मोकळा होऊ शकतो, आणि दर पायरीवरचे मोकळे होणे निराळे असते.

पहिली पायरी तपासाची. महाराष्ट्रात तपासाअंती खटला पाठवावयाचा नसेल तर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याकडे ‘समरी’ मागतात, आणि तिचे तीन प्रकार ठाण्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार वा पुरावा हाती लागला नाही. ‘बी समरी’ म्हणजे फिर्यादच द्वेषबुद्धीने केलेली, खोटी. ‘सी समरी’ म्हणजे खरीही नव्हे, खोटीही नव्हे. गैरसमजुतीने झालेली, किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. आमची वाटी ठाण्यात गेली असती तर गव्हल्यांचा डबा उघडल्यावर ती ‘सी’त बसली असती. तिन्ही प्रकारांत संशयित घरीच राहतो. पण ज्याचे नाव खऱ्या अर्थाने धुऊन निघते तो ‘बी’वाला. बाहेरच्या जगाला मात्र ‘केस बंद झाली’ एवढेच कळते.

दुसरी पायरी दोषारोप ठेवण्याच्या वेळची. कागदपत्रे पाहून खटला चालवण्याजोगे काही नाही असे न्यायाधीशाला वाटले तर तो आरोपीला तेथेच मोकळे करतो. याला ‘आरोपमुक्त’ म्हणणे अचूक, कारण गळून पडतो तो आरोप. दोषाची परीक्षा अजून झालेलीच नाही. तिसरी पायरी पुरा खटला चालून साक्षीपुरावे झाल्यानंतरची. तेथे मिळते ती ‘दोषमुक्ती’ किंवा ‘निर्दोष मुक्तता’. हा भेद कोशकाराच्या हौसेचा नव्हे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०० व्या कलमाने, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३७ व्या कलमाने, दोषमुक्त झालेल्यावर, तो निकाल कायम असेपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरण्यास मनाई केली आहे. आणि खटल्यापूर्वी आरोपातून मोकळे होणे म्हणजे दोषमुक्ती नव्हे, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे. एका शब्दावर मनुष्याची पुढची झोप अवलंबून आहे. आणि आमची वर्तमानपत्रे दोन्ही पायऱ्यांवर ‘दोषमुक्त’ हाच शब्द बेधडक छापतात! हे आळसाचे लक्षण आहे, दुसरे काही नाही.

आता ‘पुराव्याअभावी’. न्यायालय आरोपीला विचारत नाही की तू निर्दोष आहेस हे सिद्ध कर. ते सरकार पक्षाला विचारते की हा दोषी आहे हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध केलेस काय. उत्तर नकारार्थी आले की कायद्याच्या दृष्टीने विषय संपतो. म्हणजे न्यायालयाचे वाक्य हे बहुधा आपले दुसरे वाक्य असते, ‘घेतली असे दिसत नाही’. परंतु त्याचा परिणाम पहिल्या वाक्याचा असतो, ‘घेतली नव्हती’ असे समजून चालावयाचे. ‘संशयाचा फायदा’ या रूढ शब्दप्रयोगाने या व्यवस्थेचे भले केले असे मला वाटत नाही. ‘फायदा’ म्हटले की कोणीतरी सवलत दिली, कोणाला तरी वरकड काही मिळाले, असा बाजारी ध्वनी येतो. खरे पाहता जे त्याच्याकडून घ्यावयाचा अधिकार सिद्ध झाला नाही ते त्याचे त्याच्याकडे राहिले, एवढेच घडलेले असते.

यावर लोकांनी तोडगा काढला तो विशेषणाचा: ‘सन्मानपूर्वक निर्दोष’. सरकारी नोकराला याची गरज विशेष, कारण न्यायालयात सुटला तरी विभागीय चौकशी निराळी चालू शकते आणि तेथे पुराव्याची काटेकोरी तितकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तामिळनाडूतील एका पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितले की अशा विशेषणांची दोषमुक्ती संहितेला ठाऊक नाही, ती न्यायनिर्णयांतून घडलेली भाषा आहे. आणि तिची व्याख्या करणे कठीण असले तरी पुराव्याचा पूर्ण विचार होऊन सरकार पक्ष साफ अपयशी ठरला असेल तेथे ती लावता येईल. म्हणजे संहितेत सुटका एकाच प्रतीची. तिच्यात उजवी-डावी आपण केली. कचेरीत ‘ठपका ठेवणे’ ही तर शिक्षाच आहे; महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत किरकोळ शिक्षांच्या यादीत ती आहे. ‘ठपका उतरवणे’ असा शब्द मात्र मला कोणत्याही नियमावलीत आढळला नाही.

७. दोन ज्यूरी

आपल्या तीन वाक्यांपैकी दोहोंचे शब्द एकाच प्रकरणात पाहावयाचे असतील तर मुंबईचा नानावटी खटला घ्यावा. नौदलातील कमांडर कावस नानावटी यांच्यावर एप्रिल १९५९ मध्ये प्रेम आहुजा यांच्या खुनाचा आरोप आला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना हा कौल कोणाही समंजस माणसांनी देण्याजोगा वाटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी ठरवून जन्मठेप दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. शहरातले पुष्कळ लोक शेवटी ‘सुटले बुवा’ म्हणाले असतील; परंतु ज्यूरीचे ‘निर्दोष’ आणि राज्यपालांची ‘माफी’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिले रद्द झाले. दुसऱ्याने तुरुंगाचे दार उघडले, निकालपत्राला हात लावला नाही.

त्याच मुंबईत, अर्धशतक आधी, १९०८ च्या जुलैत, दुसऱ्या एका ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी बाळ गंगाधर टिळकांना राजद्रोहाचे दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ज्यूरीचा कौल काहीही असो, आपण निर्दोष आहोत, असे टिळकांनी शिक्षेपूर्वी सांगितले. तो निकाल कोणत्याही वरिष्ठ न्यायालयाने फिरवला नाही. टिळकांनी मंडालेत शिक्षा भोगली. १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच इमारतीत, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते, टिळकांचे ते शब्द कोरलेली संगमरवरी शिला उघडली गेली. आरोपीचे ‘मी निर्दोष आहे’ हे म्हणणे त्याला दोषी ठरवणाऱ्या न्यायालयानेच भिंतीवर लावून घ्यावे, असे दुसरे येजितखत मला ठाऊक नाही.

८. परत आलेली चिठ्ठी

अलीकडे ‘निर्दोष’ला बाजूला सारून मथळ्यांत ‘क्लीन चिट’ आली आहे. तिचे ‘चिट’ आपल्याच घरचे आहे: हिंदी ‘चिट्ठी’ आणि मराठी ‘चिठ्ठी’ यांच्या कुळातला हा शब्द साहेबलोकांनी उचलला, आणि नोकरी सोडून जाणाऱ्या खानसाम्याला वा आयेला ते जो वर्तणुकीचा दाखला देत त्यालाही ‘चिट’च म्हणत; १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात हा अर्थ नोंदलेला आहे. ती आता विशेषण लावून परत आली. शब्दाची ये-जा मला खटकत नाही. खटकते ते हे की चिठ्ठी देणारा कोण हे कोणी विचारत नाही. न्यायालयाने दिली तरी क्लीन चिट, चौकशी समितीने दिली तरी क्लीन चिट, आणि पक्षाच्या प्रवक्त्याने दिली तरी तीच. मालकाने नोकराला द्यावयाचा दाखला पुष्कळदा आता नोकर मालकाला देतात.

९. ध चा मा

शेवटी जिथे कोणत्याही पायरीचा उपयोग होत नाही असे एक प्रकरण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष ठेवला तो राघोबादादांवर. परंतु लोककथेने त्यांच्या पत्नी आनंदीबाईंच्या हाती लेखणी दिली: ‘धरावे’ असा हुकूम होता, बाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले. कथा इतकी चटकदार की तिला पुराव्याची गरजच पडली नाही. तसा खाडाखोड केलेला कागद कोणत्याही दप्तरातून पुढे आलेला नाही, आणि बाईंवरचा हा आरोप अनेक इतिहाससंशोधकांनी अमान्य केला आहे. पण येथे आरोप माणसांच्या तोंडी उरलेला नाही. तो भाषेत जाऊन बसला आहे. हिशेबात खाडाखोड करणाऱ्या कारकुनाला आपण सहज म्हणतो, ‘काय ध चा मा केलास’, आणि त्याच श्वासात एका बाईला पुन्हा एकदा दोषी ठरवतो. ए, बी, सी यांपैकी कोणतीही समरी वाक्प्रचाराला लागू पडत नाही.

आनंदीबाई १७९४ मध्ये वारल्या. वाक्प्रचार चालू आहे.